यंत्राची जागा दप्तरात

सामाजिक संस्थांच्या बैठकीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘आपलं काम माणसांचं आहे, ते यंत्राच्या हाती देता येणार नाही.’ बोलणारी व्यक्ती बहुधा ज्येष्ठ असते. तिने उमेदीची वर्षे पाड्यावस्त्यांवर घातलेली असतात. तिला उलट उत्तर देणे कोणालाच बरे वाटत नाही आणि विषय तिथेच मिटतो. तो मिटू नये म्हणून हा लेख. त्या वाक्यामागच्या अनुभवाचा मला आदर आहे. पण त्यातून काढला जाणारा ‘म्हणून दूरच राहू’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याची किंमत आपल्या कार्यकर्त्यांना रोज मोजावी लागते आहे.

आधी विरोधकांचे म्हणणे पुरते मांडते. ते म्हणतात, संस्थेची पुंजी म्हणजे लोकांचा विश्वास; नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बाई आपल्या ताईशी, म्हणजे संस्थेच्या कार्यकर्तीशी बोलते, यंत्राशी बोलणार नाही. दुसरे, ही यंत्रे चुकतात आणि चूकही ठामपणे सांगतात. तिसरे, गरिबांची माहिती परक्या कंपन्यांच्या हाती जाते. चौथे, वाचलेला वेळ देणगीदार पगार कापून वसूल करतील. यातला एकही मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांचे पुरावे जगात घडून गेले आहेत.

अमेरिकेत खाण्याच्या विकारांनी ग्रासलेल्यांसाठी काम करणारी ‘नॅशनल ईटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ ही मोठी संस्था आहे. तिची मदतवाहिनी वीस वर्षांहून अधिक काळ माणसे चालवत होती. २०२३ मध्ये तिथल्या कर्मचाऱ्यांनी युनियन स्थापन केली आणि त्यानंतर लगेचच संस्थेने वाहिनी बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. लोकांना ‘टेसा’ नावाच्या चॅटबॉटकडे वळवायचे ठरले. मे महिन्याच्या अखेरीस असे दिसून आले की हा चॅटबॉट वजन कमी करण्याचे आणि उष्मांक मोजून खाण्याचे सल्ले देतो आहे. ज्यांना याच विचारांनी आजारी पाडले होते, त्यांनाच हे सल्ले मिळत होते. टेसा बंद करावा लागला. त्याआधी जानेवारी २०२२ मध्ये ‘क्रायसिस टेक्स्ट लाइन’ ही आत्महत्येच्या टोकावर आलेल्यांशी मजकुरातून बोलणारी संस्था अडचणीत आली. तिने त्या संवादांतली, नावे काढलेली माहिती आपल्याच पुढाकाराने निघालेल्या, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला दिल्याचे उघड झाले. ती कंपनी ग्राहकसेवेचे सॉफ्टवेअर बनवत होती. टीकेनंतर काही दिवसांतच हा व्यवहार थांबला. २०२३ मध्येच ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या एका शाखेने कोलंबियातल्या पोलिसी अत्याचारांबद्दल लिहिताना यंत्राने बनवलेली चित्रे वापरली आणि नंतर ती मागे घेतली. ज्या संस्थेचे सारे वजन पुराव्यावर उभे आहे, तिने बनावट चित्र वापरावे, यापेक्षा मोठे नुकसान काय असणार?

या तीन प्रकरणांकडे नीट पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. दुसऱ्या प्रकरणात पीडितांचे बोलणेच दाराबाहेर गेले, आणि बाकी दोन्ही ठिकाणी यंत्र अगदी दारात, म्हणजे पीडित माणसाच्या आणि संस्थेच्या मध्ये, किंवा संस्था आणि जग यांच्या मध्ये आणून ठेवले होते. तिथे ते चुकले तेव्हा चूक ओळखणारे कोणी जवळ नव्हते. रात्री दोन वाजता टेसाशी बोलणाऱ्या मुलीला तो सल्ला चुकीचा आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. तिला ते कळत असते तर तिला मदतवाहिनीची गरजच पडली नसती. तेव्हा ही उदाहरणे ‘यंत्र नको’ असे सिद्ध करत नाहीत. यंत्र कुठे नको, एवढे मात्र ती स्वच्छ सांगतात.

माझी कसोटी त्यातूनच आलेली आहे. यंत्राने केलेली चूक आपल्या कार्यकर्त्याला त्याच दिवशी, आपल्या डोळ्यांनी पकडता येत असेल तर तिथे ते वापरावे. चूक फक्त समोरच्या गरीब माणसाच्या वाट्याला जाणार असेल, आणि ती चूक आहे हे त्याला कळणारही नसेल, तर तिथे वापरू नये. ही कसोटी लावली की सुरुवात कुठून करायची याचे उत्तर आपोआप मिळते : दप्तरापासून.

मी एका लहान संस्थेत बारा वर्षे अहवाल, प्रस्ताव आणि हिशेबाची जुळणी ही कामे केली. तिमाही संपत आली की आमच्या ताया फील्डवरून परत येऊन रात्री नऊपर्यंत ऑफिसात बसत. बचतगटाची एकच बैठक त्यांना तीनदा लिहावी लागे. एकदा संस्थेच्या प्रोसिडिंग बुकात, एकदा एका देणगीदाराच्या एक्सेलमध्ये, आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या देणगीदाराच्या पोर्टलवर, तेही इंग्रजीत. एक ताई मला म्हणाली होती, ‘बाईशी अर्धा तास बोलले मॅडम, आणि बोलले हे दाखवायला दोन तास गेले.’ मला तेव्हा उत्तर देता आले नाही. माणसांचे काम यंत्राला देऊ नका, असे जे म्हणतात, त्यांनी या दोन तासांकडे बघावे. आपले माणसांचे काम केव्हाच कागदाने खाल्ले आहे. ते परत मिळवायचे असेल तर कागदाचे ओझे कोणावर तरी टाकावे लागेल, आणि ते टाकण्याजोगे साधन आज पहिल्यांदा हाताशी आले आहे.

पैशांच्या बाजूनेही हेच दिसते. २०२० मध्ये परदेशी देणग्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या निधीतून प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. देशी देणगीदारांनाही आपला रुपया ‘थेट लोकांपर्यंत’ गेलेला हवा असतो. कार्यालयात माणूस ठेवायला पैसा नाही, अहवाल मात्र वाढत चाललेले, आणि ते लिहिणार कोण, तर जी फील्डवर जाते तीच. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आता दप्तरात हे साधन काय करते ते पाहू. बैठक संपल्यावर ताईने आपल्या शब्दांत पाच मिनिटे तोंडी टिपण सांगायचे. यंत्र त्याचे इतिवृत्त तयार करते, त्यातले आकडे वेगळे काढते, देणगीदाराच्या नमुन्यात बसवते, इंग्रजी करते. ते चुकणार आहे का? चुकणार आहे. एखाद्या शेवंताबाईंचे नाव ते भलतेच ऐकेल, ‘साडेचार हजार’चे ‘चार हजार’ करेल, कोणी न मांडलेला ठराव घुसवेल. पण बैठकीत ताई स्वतः बसलेली होती. वाचताना तिची बोटे त्या ओळीवर थांबतीलच. दोन तासांचे काम वीस मिनिटांच्या तपासणीवर आले तर उरलेला वेळ तिचा.

याहून महत्त्वाचा उपयोग आपल्या लक्षात क्वचित येतो. आपले बहुतेक प्रस्ताव शहरात, इंग्रजीत लिहिले जातात. अमुक गावांत तमुक बैठका घेऊ, इतक्या महिलांपर्यंत पोहोचू, अशी वचने त्यात असतात. ती वचने ज्या ताईच्या पायांवर पुरी व्हायची, तिने तो प्रस्ताव कधी वाचलेलाच नसतो. तिला ‘टार्गेट’ तेवढे कळवले जाते. आज तो प्रस्ताव दहा मिनिटांत वाचनीय मराठीत येऊ शकतो. इंग्रजी जाणणाऱ्या सहकाऱ्याने आकडे आणि अटी मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या की तो तिच्या हातात देता येतो. मग बैठकीत ती विचारू शकते, ‘पावसाळ्यात या सहा पाड्यांवर जाताच येत नाही, हे कोणी लिहिलं?’ माझ्या मते संस्थेतली लोकशाही एवढ्या एका गोष्टीने जितकी वाढेल तितकी दहा कार्यशाळांनी वाढणार नाही. जे यंत्र माणुसकी घालवील अशी भीती आहे, तेच इथे बंद असलेला कागद कार्यकर्त्यासमोर उघडते आहे.

शासन निर्णयांचेही तसेच. योजनेचा जीआर मराठीतच असतो, पण तो वाचून ‘यात आमच्या बाईला काय मिळतं’ हे सांगणे सोपे नसते. यंत्राकडून त्याचा सोपा गोषवारा काढून घ्यावा, प्रत्येक मुद्द्यासमोर मूळ परिच्छेदाचा क्रमांक मागावा, आणि एकाने तो मूळ निर्णयाशी पडताळून पाहावा. अमुक बाई योजनेला पात्र आहे की नाही, हा निकाल मात्र यंत्राकडून घेऊ नये. तिथे चूक झाली तर हेलपाटे तिला पडतील.

दप्तराबाहेर हे साधन कधीच नेऊ नये, असे माझे म्हणणे नाही. नेण्याआधी कसोटी मात्र लावलीच पाहिजे. मुंबईच्या वाधवानी एआय या ना-नफा संस्थेने कापसावरच्या बोंडअळीसाठी केलेले काम पाहा. शेतकरी कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचा फोटो काढतो, ॲप पतंग मोजते आणि फवारणीची वेळ आली आहे का ते सांगते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. वेळेवर आणि गरजेपुरतीच फवारणी होणे हा तिथे जिवाचा प्रश्न आहे. आणि यंत्राने मोजलेले पतंग शेतकऱ्याला स्वतः मोजून बघता येतात, ते त्याच्यासमोर सापळ्यात पडलेले असतात.

दुसरे उदाहरण मुंबईच्याच ‘अरमान’ संस्थेचे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये ती सुरू केली. तिच्या ‘एममित्र’ सेवेत गरोदर बाईला आणि बाळंतिणीला फोनवर आरोग्याचे ध्वनिसंदेश मिळतात. अडचण अशी की बऱ्याच बाया काही दिवसांनी संदेश ऐकणे सोडतात, आणि प्रत्येकीला फोन करून विचारपूस करायला पुरेशी माणसे नसतात. मग फोन कोणाला करायचा? गूगलचे संशोधक आणि आयआयटी मद्रास यांच्यासोबत संस्थेने असे मॉडेल तयार केले, जे कोणत्या बाईला फोन केला तर ती पुन्हा ऐकू लागण्याची शक्यता जास्त, याची यादी देते. सुमारे २३,००० महिलांवर सात आठवडे झालेल्या चाचणीत संदेश ऐकणे कमी होण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. इथे यंत्र कोणत्याही बाईशी बोलत नाही. फोन माणूसच करतो. आणि यंत्राचा अंदाज चुकला तरी बाईचे नेहमीचे संदेश थांबत नाहीत. जादा फोन तेवढा दुसरीला जातो. ‘माणसांचं काम’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण टेसाच्या शेजारी ठेवून पाहावे. साधनाची जात एकच, जागा वेगळी, म्हणून फळ वेगळे.

आपल्या परंपरेलाही हे परके नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्ग ओळखायला आणि इंजेक्शन द्यायलाही शिकवले. त्याआधी ही कामे डॉक्टरांखेरीज कोणाला जमणार नाहीत, असा समज होता. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या गावांत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले. तिथे साधने होती, तक्ते होते, मोजमाप होते, आणि त्या सगळ्यांच्या वर गावातल्याच बाईचा डोळा होता. साधन तिच्या हाती दिल्याने तिचे माणूसपण उणावले नाही, तिची पत गावात वाढली.

वरच्या चारांत न आलेला भाषेचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मराठीत ही यंत्रे आता बरीच चालतात. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा प्रकल्प २०२२ पासून आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांसाठी काम करतो. पण गोंडी, भिली, कोरकू त्या अनुसूचीत नाहीत. म्हणजे गडचिरोली, नंदुरबार, मेळघाट इथे ज्या लोकांसाठी आपण उभे आहोत, त्यांची बोली यंत्राला सर्वांत कमी कळते. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीतही ते अडखळते. जे लोक आधीच कडेला आहेत ते यामुळे आणखी कडेला जातील, ही भीती खरी आहे. मात्र या आक्षेपातूनही निघते ते हेच : कोरकू बाईसमोर यंत्र बोलायला बसवू नका. तिचे म्हणणे ऐकून मराठीत आणणारी ताई तिथे असू द्या, आणि ताईच्या मराठी टिपणापासून पुढचे कागद यंत्राला करू द्या.

माहितीच्या गोपनीयतेबाबत तर मी विरोधकांपेक्षा कडक आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायदा कंपन्यांसारखाच संस्थांसाठीही आहे. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत असून त्यांनुसार १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते. पण कायदा नसता तरी काय? एचआयव्हीसह जगणाऱ्यांची नावे, मारहाणीच्या केस फाइली, मुलांचे फोटो, आधार क्रमांक, वनहक्क दाव्यातली कुटुंबाची कागदपत्रे ही कोणत्याही चॅटबॉटमध्ये जाता कामा नयेत, नाव खोडूनसुद्धा. लहान गावात ‘दोन मुली असलेली, माहेर अमुक गावचं’ एवढ्यावर बाई ओळखू येते. मोफत खात्यात टाकलेला मजकूर पुढे मॉडेल घडवण्यासाठी वापरला जाऊ शकतो, हेही प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

आणि इथेच ‘दूरच राहू’ म्हणणाऱ्यांची बाजू सर्वांत लंगडी पडते. साधन दूर राहिलेले नाही. ते ताईच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये आलेले आहे. रात्री अकरा वाजता, उद्या सकाळी अहवाल द्यायचा म्हणून, कोणीतरी केस स्टडी मोफत चॅटबॉटमध्ये टाकून इंग्रजी करून घेत आहे. संस्थेने ‘आम्ही हे वापरत नाही’ म्हटल्यामुळे ती हे कोणाला सांगत नाही, आणि काय टाकावे, काय टाकू नये, हे तिला कोणी शिकवलेले नाही. बंदीने वापर थांबला नाही, फक्त चोरून होऊ लागला. ज्यांना गोपनीयतेची खरी काळजी आहे त्यांनी तो उजेडात आणून नियमात बसवला पाहिजे.

नोकऱ्यांबद्दलचा आक्षेप संस्थेच्या विश्वस्तांना उद्देशून आहे, यंत्राला नव्हे. टेसाच्या प्रकरणात माणसे कमी करण्याचा निर्णय माणसांनीच घेतला होता. म्हणून सुरुवातीलाच विश्वस्त मंडळाने ठराव करावा : या साधनामुळे एकही पद कमी होणार नाही, वाचलेले तास फील्डवर जातील, आणि बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाखाली तो वाचून पाहणाऱ्या माणसाची सही असेल. असा ठराव करायला जे मंडळ तयार नसेल त्याने सुरुवात करूच नये.

दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एवढेच ठणकावून सांगितले पाहिजे. ‘तुमच्या लाभार्थींसाठी चॅटबॉट करून देतो’ म्हणत येणारे सल्लागार आणि ‘प्रस्तावात एआय दाखवा’ म्हणणारे देणगीदार थेट दारापासून सुरुवात करायला सांगतात, कारण दारातले यंत्र फोटोत दिसते. दप्तरातले दिसत नाही. आजवरचे अपघात मात्र नेमके दारातच झालेले आहेत. देणगीदाराला खरेच मदत करायची असेल तर त्याने आधी आपले अहवालाचे नमुने निम्मे करावेत.

मग प्रत्यक्ष सुरुवात कशी करावी? गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क मिळवले ते आधी अभ्यासगट करून. निर्णय घेण्यापूर्वी लोक एकत्र बसून विषय समजून घेत. तसाच अभ्यासगट संस्थेत करा : दोघी फील्डवरच्या, एक कार्यालयातली, एक विश्वस्त. पंधरा दिवस प्रत्येकीने आपला वेळ कोणत्या कागदात गेला ते वहीत लिहावे. त्यातले सर्वांत जास्त वेळ खाणारे, पण कोणाच्या खासगी आयुष्याशी संबंध नसलेले एकच काम निवडावे. ते हाताने करायला किती वेळ लागतो आणि त्यात किती चुका होतात, हे आधी मोजावे. मग तेच काम दहा वेळा यंत्राकडून करून घ्यावे आणि प्रत्येक प्रत तपासावी. तपासणीचा वेळही मोजावा, कारण तो धरून बचत होत नसेल तर ते काम पुन्हा हाताने करणे शहाणपणाचे. काय कधीच टाकायचे नाही त्याची यादी मराठीत लिहून भिंतीवर लावावी. तीन महिन्यांनी सगळ्यांसमोर वही उघडावी आणि पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे. याला सल्लागार लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही.

ज्येष्ठांना माझी विनंती आहे. तुमचे वाक्य खरे आहे, आपले काम माणसांचेच आहे. म्हणून या तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात एक रात्र आपल्या ऑफिसात थांबा आणि आपल्या ताया नऊ वाजेपर्यंत काय करत असतात ते स्वतः पाहा. त्यातले माणसांचे काम किती आणि कागदाचे किती, हे त्यांच्या शेजारी बसून मोजा. मग अभ्यासगटात या. तिथे तुमची गरज सर्वांत जास्त आहे, कारण यंत्राला कोणत्या उंबरठ्याच्या आत येऊ द्यायचे नाही, हे तुमच्याइतके कोणालाच माहीत नाही.